पावणेचौदा हजार एकरांचं चित्र

मुंबई-हावडा लोहमार्गावर अकोला आणि नागपूर यांच्यामध्ये वर्धा हे जंक्शन लागतं. रेल्वेच्या लेखी ही साधी गोष्ट आहे. भारतीय अमूर्त चित्रकलेच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख व्हायला हवा होता, आणि तो कोणी केलेला नाही. म्हणून आम्हीच करतो. अंबादास १९२२ साली अकोल्यात जन्मले. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, पण १९३९ साली चित्रकला शिकायला आले नागपूरच्याच कलाशाळेत. तिघंही पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. नागपूरहून मुंबईला निघालेल्या माणसाला वर्धा चुकवता येत नाही.

त्या दिवसांत वर्ध्याच्या फलाटावर सगळं जग उतरत होतं. १९३६ पासून गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आलेले. त्यामुळे पुढारी, परदेशी पत्रकार, सूतकताईवाले, निसर्गोपचारवाले, उपोषणाला बसणारे आणि त्यांना उठवायला आलेले, असे सगळे इथे उतरायचे आणि टांगा करायचे. अमूर्त चित्रकला तेवढी खिडकीतून बाहेर बघत पुढे गेली. चहालासुद्धा उतरली नाही.

ती उतरली २०२५ च्या दसऱ्यानंतर. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा मुंबईत शिकून चित्रकार झाला होता. 'आपल्या मातीत एकदा दाखवावं' असं त्याला वाटलं आणि त्यानं चार दिवसांसाठी शहरातला एक हॉल घेतला. या हॉलमध्ये एरवी साखरपुडे होतात, मधुमेहमुक्ती शिबिरं होतात आणि साड्यांचे सेल लागतात. आधीच्या सेलचा 'फक्त चार दिवस' हा फलक दारावर तसाच होता. दिवस जुळत असल्यामुळे तो कोणी काढला नाही. पहिल्या दिवशी ज्या तीस-चाळीस बायका आत येऊन, एक चक्कर मारून, काही न बोलता बाहेर पडल्या, त्यांच्या येण्यामागे त्या फलकाचा मोठा वाटा होता. तरी नंतर वृत्तपत्रात बातमी आली, 'कलारसिकांची गर्दी'. गर्दी होती हे खरंच आहे.

उद्घाटन वर्ध्याच्या रीतीप्रमाणे झालं. हार नाही, सूतमाळ. सुताची ती गुंडी गळ्यात घालताना हमखास कोणाच्या तरी चष्म्यात अडकते, तशी अडकली. पाहुण्यांना गोरसपाकाच्या बिस्किटांचा डबा दिला गेला. मुख्य पाहुणे हे असे गृहस्थ, की त्यांचं एक भाषण तयार असतं आणि समोरचा कार्यक्रम ते त्यात बसवून घेतात. त्यांनी गांधी सांगितले, विनोबा सांगितले, जमनालालजी सांगितले. ही भूमी त्यागाची आहे, हेही सांगितलं. चित्रकाराचा चेहरा इथे जरा उतरला, कारण तो चित्रं विकायला आला होता. मग पाहुणे चित्रांकडे वळले. पंचवीस चित्रं, त्यातली वीस राखाडी, मातकट किंवा जवळजवळ पांढरी. पाहुण्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रंगसंगती छान आहे." नंतर सगळ्यात मोठ्या चित्रासमोर सतरा माणसांनी दाटीवाटीनं उभं राहून फोटो काढला. त्या फोटोत चित्र दिसत नाही.

मुंबईत अशा उद्घाटनाला वाइन असते म्हणतात. पहिल्या पेल्यात चित्र गंभीर वाटतं, दुसऱ्यात कळतं, तिसऱ्यात आपणच काढल्यासारखं वाटतं आणि चौथ्यात लोक चेकबुक काढतात. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. त्यामुळे इथल्या रसिकाला अमूर्त चित्र पूर्ण शुद्धीवर राहून पाहावं लागतं. अमूर्त कलेची याहून कठोर परीक्षा जगातल्या कोणत्याही राजधानीत होत नसेल. आता, ही दारूबंदी हासुद्धा अमूर्त शैलीतलाच प्रकार आहे. ती आहे असं सगळे सांगतात, कागदावर तिची चौकट स्पष्ट आहे, पण आत नेमकं काय आहे हे ज्याच्या त्याच्या नजरेवर. ते असो. आम्हाला चहा मिळाला, कपात अर्धा.

लोक चित्रं पाहतात कशी, हे मी चारही दिवस पाहिलं. चित्रांपेक्षा ते सोपं होतं. माणूस आत येतो, हात मागे बांधतो आणि आधी चित्राखालची चिठ्ठी वाचतो. आपल्याकडे देवळातसुद्धा आधी देणगीदारांची पाटी वाचतात, मग देव. पण चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं 'शीर्षकहीन – ७'. पुढच्यावर 'शीर्षकहीन – ८'. मग माणूस मागे होतो, मान डावीकडे कलती करतो, मग उजवीकडे करतो, आणि शेजारच्याला हळूच विचारतो, "समजून रायलं का काही?" शेजारचा म्हणतो, "हळूहळू समजते." एक काकाजी तर नंबरांच्या क्रमानं फिरत होते आणि 'शीर्षकहीन – ११' भिंतीवर नाही म्हणून अस्वस्थ होते. गोष्टीचा मधला भाग गाळलाय अशी त्यांची खात्री झाली होती. हॉलच्या पूर्वेकडच्या भिंतीला त्या पावसाळ्यातली ओल आली होती, वरून खाली उतरत जाणारी, कडेला हिरवट, फार सुंदर. तिच्याखाली नंबर नव्हता म्हणून तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आले. त्यांनी आयुष्यभर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची मुलं बसवलेली. या शासकीय परीक्षांनी महाराष्ट्राची नजर घडवली आहे, यात मला शंका नाही. स्थिरचित्रात तांब्या, त्याच्यावर कांदा आणि मागे घडी पडलेला कपडा. स्मरणचित्रात पाणपोई, बाजार, बसस्टॉप, आणि माणसं कोणतीही असोत, एकाच्या हातात पिशवी हवीच. मास्तरांनी डोळा बारीक करून, पेन्सिल आडवी धरून एका राखाडी चित्राचं माप घेतलं. मी विचारलं, "काय म्हणता सर?" म्हणाले, "तांब्या काढून घेतलाय. कपडा ठेवलाय." याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. मग म्हणाले, "संकल्पचित्रात आम्हीही हेच शिकवायचो. वर्तुळात पानं-फुलं-आकार भरा, कशासारखं दिसलं पाहिजे असं काही नाही. पोरं बिचारी मुकाट्यानं भरायची. 'हे काय आहे?' असं एकानंही विचारलं नाही, कारण त्याला मार्क होते."

रझांच्या बिंदूची गोष्ट चित्रकारानं याच मास्तरांना सांगितली. लहानपणी रझांचं वर्गात लक्ष लागेना, तेव्हा त्यांच्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला लावलं. तोच पुढे आयुष्यभराचा बिंदू झाला. २०२३ साली रझांचं एक चित्र लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. मास्तर गंभीर झाले. "मी छत्तीस वर्षं पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं," ते म्हणाले. "ठिपका काढायचं सुचलं नाही."

'असं तर माझा पोरगाही काढते' हे वाक्य अपेक्षेप्रमाणे पहिल्याच तासात आलं आणि नंतर दर तासाला येत राहिलं. हे जगभर म्हटलं जातं. १९६४ साली स्वीडनमधल्या गोटेन्बर्गला एका पत्रकारानं तर पोराच्याही पुढची पायरी गाठली. प्राणिसंग्रहालयातल्या पीटर नावाच्या चिंपांझीला रंग दिले आणि त्याची चित्रं 'पिएर ब्रासो' या नावानं गॅलरीत लावली. बऱ्याच समीक्षकांनी तारीफ केली. भांडं फुटल्यावर त्यातल्या एकानं सांगितलं, की काहीही असो, त्या प्रदर्शनात सगळ्यात चांगली चित्रं त्याचीच होती. आमच्याकडचे वक्ते निवडणुकीनंतर एवढेही ठाम राहत नाहीत. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली अमेरिकेत बॉस्टन कॉलेजमधल्या दोन संशोधकांनी नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि मुलांनी किंवा प्राण्यांनी काढलेली चित्रं जोडीनं लोकांपुढे ठेवली. कला न शिकलेल्या लोकांनीही अर्ध्याहून बऱ्याच जास्त वेळा चित्रकाराचंच चित्र निवडलं. म्हणजे तोंडानं काहीही म्हटलं तरी डोळ्याला फरक कळत असतो. हे मी एका मातोश्रींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण माझा पोरगा खरंच काढते जी." पोरगा तेव्हा खुर्च्यांखाली गोरसपाक खात होता.

'शीर्षकहीन – १४' चारही दिवस उलटं लागलेलं होतं. चित्रं टांगली होती मंडपवाल्याच्या माणसानं, आणि त्यानं आपल्या हिशेबानं बरोबर टांगलं होतं: जड रंग खाली, हलका वर. चित्रकाराची सही मागच्या बाजूला. गायतोंडेही बऱ्याचदा सही पाठीवरच करायचे, पण ते मंडपवाल्याला कोण सांगणार? दुसऱ्या संध्याकाळी चित्रकाराच्या लक्षात आलं. तो स्टुलावर चढला, थबकला, खाली उतरला, लांब गेला, परत आला, आणि चित्र तसंच राहू दिलं. यात लाजण्यासारखं काही नाही. मोंद्रियानचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे चित्र जर्मनीत आणि त्याआधी न्यूयॉर्कमध्ये मिळून पंचाहत्तर वर्षं उलटं टांगलेलं होतं. २०२२ साली ते उघड झालं, तेव्हा संग्रहालयानं ते सुलटं केलं नाही. चिकटपट्ट्यांचं चित्र, आता फिरवलं तर पट्ट्या सुटतील म्हणून. मंडपवाल्याच्या माणसाला मी ही हकीकत सांगितली. त्याचा प्रश्न एवढाच होता: "त्याइचा मंडपवाला कोण होता?"

पण मला खरं सांगायचंय ते मामांविषयी.

मामा हिंगणघाटचे. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, त्या काळातले ते ग्रेडर. बंडी पुढे आली की आत खोलवर हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन बोटांत ओढून धागा पाहायचा, उन्हात धरून चमक पाहायची, तळहातावर दाबून ओलावा पाहायचा आणि प्रत सांगायची. त्या एका शब्दावर समोरच्याचं वर्ष ठरायचं. त्यामुळे पांढरा हा एक रंग आहे असं मामांना कधी वाटलेलं नाही. धुतलेल्या पांढऱ्या धोतराचेही ते तीन भाग करून दाखवतात. ते वर्ध्याला दातांच्या डॉक्टरांकडे आले होते, नंबर दोन तासांनी होता, म्हणून मी त्यांना हॉलवर घेऊन गेलो.

चार बाय सहा फुटांचं एक चित्र होतं, जवळजवळ नुसतं पांढरं. लोक त्याच्यासमोरून न थांबता जात होते. 'याच्यात तर काहीच नाही' हा त्यावरचा सर्वमान्य अभिप्राय. मामा त्याच्यासमोर गेले आणि तिथेच राहिले. चष्मा वर केला. नाक कॅनव्हासजवळ नेलं. बाजूला जाऊन खिडकीचा उजेड चित्रावर तिरका कसा पडतो ते पाहिलं. आणि मला काही कळायच्या आत उजव्या हाताची दोन बोटं रंगावर टेकवून हळूच फिरवली. कोपऱ्यात बसलेला चित्रकार खुर्चीवरून उडाला.

"वरतं आहे ते पहिल्या वेच्याचं," मामा म्हणाले. "खाली कवडी कापूस घुसला हाय. अन् हे पाय, इथं खालचा रंग ओला असतानीच वरतून दुसरा चढवला. इथं कागद चिपकवून ओढून काढला. इथं हात घाई करून गेला, बाकी कुठी घाई नाही."

चित्रकार धावत आला होता तो रागावून, पण पोचेपर्यंत त्याचा चेहरा बदलला होता. कागद खरंच लावून ओढला होता. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग पसरायचे, वर्तमानपत्राचे-मासिकांचे तुकडे लावून रंग उचलायचे, थरावर थर चढवत महिने घालवायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा शीर्षकातच 'प्रक्रिया' हा शब्द घातला, म्हणजे लोकांनी चित्रात 'काय आहे' हे न शोधता ते 'कसं झालं' हे पाहावं. गुगेनहाइमला त्यासाठी जाडजूड ग्रंथ छापावा लागला. मामांना दोन बोटं लागली.

"तुम्ही चित्रं पाहता का नेहमी?" चित्रकारानं विचारलं.

"नाही जी. मी माल पायतो."

"मग यात तुम्हाला काय दिसतं?"

"दिसाचं काय हाय? पांढरं हाय."

मग चित्रकारानं मोठ्या आदरानं त्यांना प्रदर्शनाची पुस्तिका दिली. तिच्यात एका अभ्यासकाचा लेख होता: अवकाशाच्या अंतःस्तरांत विलीन होत जाणारी जाणिवेची स्पंदनं वगैरे. मामांनी एक पान वाचलं. "हे यातल्या कोणत्या चित्राचं लिवलं हाय?" "सगळ्यांचंच आहे तसं." "मंग मिक्स माल हाय," मामा म्हणाले आणि पुस्तिका परत केली. फुकट होती तरी.

मला वाटतं, आकार नसलेल्या गोष्टी पाहायला वर्धेकराला कोणी शिकवण्याची गरज नाही. गोपुरीला गीताई मंदिर आहे, १९८० साली विनोबांच्याच हस्ते उघडलेलं. तिथे मूर्ती नाही, छप्पर नाही, नुसत्या उभ्या शिळा आणि त्यांच्यावर गीताईचे श्लोक. मांडणी अशी, की वरून पाहिलं तर चरखा आणि गाय दिसते. वरून पाहणार कोण? १९८० साली तरी फक्त घारी. पण 'हे कसलं मंदिर?' म्हणून कोणी भांडलं नाही. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी, वर शेख फरीद बाबांचा दर्गा. तिथे मातीत सुपारीएवढे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याचा माल बाबांनी दगड करून टाकला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. भूगर्भवाले त्याला झिओलाइट म्हणतात आणि कोणी ऐकत नाही. लोक तो दगड घरी आणून कपाटात ठेवतात. धुऱ्यावरच्या शेंदूर फासलेल्या धोंड्याला नाकडोळे नसतात, तरी त्याच्या पुढ्यात नारळ फुटतं. फरक एवढाच, की या प्रत्येकाबरोबर एक गोष्ट येते. गोष्ट मिळाली की आमच्या लोकांना आकाराची घाई नसते. चित्रकार नेमकी गोष्टच काढून घेतो, वर 'शीर्षकहीन' लिहून दारही लावून घेतो, आणि मग लोक येत नाहीत म्हणून मुंबईत बसून लेख लिहितो.

गांधीजींचं मत या बाबतीत साधारण आमच्या काकाजींसारखंच होतं. चित्र समजावून द्यायला चित्रकार कशाला लागावा, ते आपणहून बोललं पाहिजे, अशा अर्थाचं ते म्हणून गेलेत. पण त्याच गांधीजींच्या सेवाग्रामातल्या कुटीत गेलं तर काय दिसतं? मातीची भिंत, चटई, जमिनीलगतचं डेस्क, आणि बाकी सगळी मोकळी जागा. मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्या पांढरी भिंत आणि मोकळी जागा उभी करायला लाखो रुपये घालतात. इथे राहण्याचं घर पाचशे रुपयांच्या आत आणि आसपासच्या सामानातच झालं पाहिजे, अशी बापूंची अट होती. भिंतीवर मीराबेननं मातीतूनच उठवलेली झाडं आणि चरखा आहे, आणि ते स्पष्ट झाडासारखं आणि चरख्यासारखं दिसतं. तेवढ्यापुरती सोय आहे. बाकीच्या मोकळ्या भिंतीसमोर लोक कितीतरी वेळ गप्प उभे राहतात. तिथे कोणी 'याच्यात तर काहीच नाही' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

अभिप्रायाच्या वहीत 'छान', 'खूप छान', 'अतिशय छान' अशी चढती भाजणी होती. एका कवीनं दीड पानाची कविता लिहून खाली मोबाइल नंबर टाकला होता. एकानं 'पंखा क्रमांक ३ आवाज करतो' अशी नोंद केली होती, तीच फक्त पुढे व्यवस्थापनाकडे गेली.

आता पैशाचं. लोकांची खरी उत्सुकता तिथेच होती, आणि त्याला कारण गायतोंडेच. सप्टेंबरच्या शेवटी बातमी आली होती, की त्यांचं १९७० सालचं एक चित्र दिल्लीच्या लिलावात ६७ कोटी ८ लाखांना गेलं. तेही शीर्षकहीनच. शेवटच्या दिवशी देवळीकडचे एक शेतकरी हॉलच्या पायरीवर जावयाच्या गाडीची वाट पाहत बसले होते. ऊन लागलं म्हणून आत आले. त्यांना कोणीतरी हा आकडा सांगितला. ते चित्रांकडे न बघता खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून हिशेब करू लागले. मामा त्या दिवशी कवळीचं माप द्यायला पुन्हा आले होते, तेही शेजारी बसले.

"लांब धाग्याचा हमीभाव काय हाय अवंदा?" शेतकऱ्यानं विचारलं.

"आठ हजार एकशे दहा," मामा म्हणाले. "भेटला तर."

"म्हणजे ब्याऐंशी हजार सातशे क्विंटल."

"वर बारा क्विंटल अन् काही किलो."

"एकरी सहा धरा."

"धरा."

दोघंही थोडा वेळ गप्प. मग मामा म्हणाले, "पावणेचौदा हजार एकर." शेतकऱ्यानं डोळे उघडून पहिल्यांदा समोरच्या चित्राकडे पाहिलं. एवढ्या आदरानं त्या हॉलमध्ये कोणत्याच चित्राकडे कोणी पाहिलं नव्हतं. ते चित्र गायतोंडेंचं नव्हतं, ही गोष्ट अलाहिदा.

"मंग हे गायतोंडे लय मोठ्या वाड्यात रायत असतील."

"नाही हो," चित्रकार म्हणाला. "दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या एका बरसातीत राहायचे. २००१ मध्येच गेले."

"मंग हा पैसा भेटला कोणाले?"

"ज्याच्याकडे चित्र होतं त्याला. आणि लिलाववाल्यांचं कमिशन."

शेतकऱ्याचा चेहरा एकदम खुलला. इतका वेळ जे परकं वाटत होतं ते ओळखीचं निघालं होतं. "म्हणजे पिकवणाऱ्याले नाही भेटला," ते मामांना म्हणाले. "गाठी बांधून ज्यानं ठेवल्या त्याले भेटला." मामांनी मान डोलावली. ग्रेडर असल्यामुळे या विषयावर ते जपून बोलतात.

चित्रकारानं मग सांगितलं, की कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून तरतूद आहे. चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळाला पाहिजे, दहा टक्क्यांपर्यंत.

"भेटते का?"

"कागदावर आहे."

"हमीभाव हाय तो," शेतकरी म्हणाले. एव्हाना ते उठून चित्र बघायला लागले होते, हात मागे न बांधता. पाच-सहा चित्रं पाहून झाल्यावर एका मातकट रंगाच्या चित्रापाशी थांबले. सप्टेंबरच्या पावसानं चिबडलेल्या वावरासारखं आहे म्हणाले, आणि त्याची किंमत विचारली. चित्रकारानं सांगितली. ती ऐकून ते घाबरले नाहीत. पावणेचौदा हजार एकर ऐकल्यावर माणूस कशालाच घाबरत नाही. त्या किमतीचेही त्यांनी क्विंटल केले. सव्वानऊ निघाले.

"भाव बराबर हाय," ते म्हणाले. "पण दिवाळीच्या तोंडावर कायले ठेवलं जी हे? आता तर वेच्याआधीची सीतादहीची पूजाही व्हायची हाय, पहिला वेचा घरात नाही, कोणाजवळ पैसा रायते? फेब्रुवारीत ठेवा. सीसीआयच्या कापूस खरेदीचे चुकारे झाले रायतात तवा."

चित्रकारानं अभिप्रायाची वही पुढे ओढली आणि मागच्या पानावर लिहून घेतलं: फेब्रुवारी. मामांनी त्याला दुरुस्ती सुचवली, मार्च धरा.